हिंदुराव गाडेकरांवरील निबंध, साक्षीपुराव्यांसह

प्रभाचा निबंध टेंबे सरांनी परत केला तेव्हा त्यावर तांबड्या शाईनं एकोणीस वेळा एकच शब्द लिहिलेला होता : ‘कशावरून?’

‘हिंदुराव गाडेकर हे आपल्या भागातले थोर कामगारपुढारी आहेत.’ कशावरून? ‘त्यांनी कारखान्याच्या गेटवर नऊ दिवस उपोषण केले.’ कशावरून? ‘आमच्या वस्तीत पाण्याचा नळ त्यांनीच आणला.’ कशावरून? शेवटचं पान भरत नव्हतं म्हणून प्रभानं ‘त्यांचा आवाज भारदस्त आहे’ असं एक निरुपद्रवी वाक्य टाकलं होतं. सरांनी त्यालाही सोडलं नव्हतं.

टेंबे सर वाईट नव्हते. नोकरदारांसाठी आणि गृहिणींसाठी कॉलेजनं जे सकाळचे वर्ग काढले होते, ते सर थंडीतसुद्धा मफलर गुंडाळून वेळेवर घेत. पण पुराव्याच्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. ‘सार्वजनिक जीवनातील एक व्यक्ती’ हा निबंध, त्याला किमान बारा संदर्भ. पुस्तक असेल तर पान, वर्तमानपत्र असेल तर तारीख, आणि माणूस असेल तर नाव, वय, पत्ता, दिनांक आणि सही. पंधरा दिवसांनी, शनिवारी बाराच्या आत. नाहीतर परीक्षेच्या फॉर्मवर सर सही करणार नव्हते, आणि त्यांच्या सहीशिवाय फॉर्म खिडकीतून आत जाणार नव्हता.

प्रभाला खरी काळजी होती ती त्या फॉर्मची. पहिल्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं. तेव्हा सगळे म्हणाले होते, पुढच्या वर्षी दे की परीक्षा. ते पुढचं वर्ष यायला तीन वर्षं लागली. मधल्या काळात पिंपरीचं बिऱ्हाड आलं, विलासच्या तीन शिफ्टा आल्या आणि सुजाता आली. आता चौऱ्याहत्तरचा जानेवारी चालू होता, सुजाता अकरा महिन्यांची होती, आणि आणखी एखाद्या पुढच्या वर्षावर विसंबायची प्रभाची तयारी नव्हती.

खरं तर तिला एखाद्या मोठ्या राष्ट्रीय पुढाऱ्यावरच लिहायचं होतं. पण वर्गातल्या बाकीच्या तेवीस जणांनाही तेच लिहायचं होतं, आणि कॉलेजच्या कपाटातली चरित्रं ती मंडळी पहिल्याच दिवशी घेऊन गेली होती. तेव्हा तिनं विचार केला, दोन गल्ल्या सोडून राहणारा हिंदुराव काय वाईट आहे? युनियनचा माणूस, यंदा निवडणुकीला उभा राहणार अशी बोलवा, आणि वस्तीतल्या प्रत्येकाला त्याच्याविषयी सगळं माहीत. पुस्तकाची गरजच नाही. इतकं सोपं काम आपल्याला कसं सुचलं, म्हणून ती मनात थोडी खूशही झाली होती. ती खुशी एकोणीस ‘कशावरून’नी काढून घेतली.

लिहायला वेळ मिळे तो सुजाताच्या मर्जीनं. दुपारी झोळीत तिचा डोळा लागला की प्रभा पाट मांडीवर घेऊन त्यावर वही ठेवी. पेनाचं टोपण काढलं की झोळीतून एक डोळा उघडे. टोपण लावलं की मिटे. हा काय चमत्कार आहे हे प्रभाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या अर्ध्या मिटल्या डोळ्याकडे बघताना ती पुढचं वाक्य हमखास विसरे आणि विसरल्याचं तिला वाईटही वाटत नसे. मग ती एका पायानं झोळीची दोरी हलवत, टोपण दातात धरून, हिंदुरावांचं जीवनकार्य लिही. सासूबाई, भिमाबाई, दारात तांदूळ निवडत बसलेल्या असत. प्रभा त्यांना आत्या म्हणे. आत्यांना अक्षर येत नव्हतं. पण सुनेची वही उघडी दिसली की त्या गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा हळू आवाजात हाकलत.

सह्या कशा घ्यायच्या, हा पहिला प्रश्न. तो सोडवला समोरच्या कुसुमताईंनी. कुसुमताई मूळच्या रत्नागिरीच्या, आणि त्यांचे यजमान ज्योतीराम कारखान्यात टाइमकीपर, त्यामुळे कागदाच्या कुठल्याही कामात आपला शब्द शेवटचा असं त्या धरून चालत. “अगो, साध्या वहीवर कोण सही करील? कागदाला कागदासारखं रूप नको?” असं म्हणून त्यांनी संध्याकाळी ज्योतीरामांनाच कामाला लावलं. ज्योतीरामांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि सुंदर अक्षरात एक नमुना उतरवून दिला :

‘मी खाली सही करणार, टोकन नंबर अमुक, खाते तमुक, कोणाच्याही दबावाशिवाय व पूर्ण शुद्धीवर राहून लिहून देतो की, हिंदुराव गाडेकर यांच्यासंबंधी मला पुढीलप्रमाणे माहिती आहे.’

खाली तारीख, सही आणि दोन साक्षीदारांना जागा. शिवाय कार्बनचे चार कागद दिले आणि बजावलं, की प्रत्येक जबाबाच्या तीन प्रती काढायच्या : एक सरांना, एक आपल्याला, एक देणाऱ्याला. प्रभाला तो नमुना फारच आवडला. त्यात एक वजन होतं. ज्योतीरामांना आयुष्यात हा एकच नमुना येत होता, आणि तो कारखान्यात कशासाठी वापरतात, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण तिला ते माहीत नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पहिला साक्षीदार रंगराव. कारखान्याच्या गेटमागं त्याची खानावळ होती आणि नऊ दिवसांच्या उपोषणाचं वर्णन त्याच्याइतकं चांगलं कोणी करत नसे. सुजाताला कडेवर घेऊन प्रभा गेली तेव्हा भट्टीपुढं उभ्या उभ्याच त्यानं ते सांगितलं. सातव्या दिवशी हिंदुरावांची जीभ कशी चिकटली, आठव्या दिवशी त्यांनी खुणेनं कसं भाषण केलं, नवव्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं कसं टोपी काढून डोळे पुसले. सांगताना रंगरावाच्याच डोळ्यांत पाणी आलं. प्रभानं भराभरा मुद्दे टिपून घेतले आणि नमुन्याचा कागद पुढं केला.

रंगरावानं तो वाचला. एकदा वाचला, मग हात पुसून पुन्हा वाचला.

“नऊ दिवस असं काही नाही, वहिनी,” तो म्हणाला. “चार धरा.”

प्रभानं चार लिहिलं. तो पेन हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, चार तरी आपण कुठं मोजले, दोन-अडीच असतील. प्रभानं दोन-अडीच केलं. शेवटी त्यानं सही केली ती अशा मजकुराखाली, की सदर काळात मी माझ्या मेहुणीच्या लग्नासाठी गावी होतो व मला उपोषणासंबंधी काही माहिती नाही. आपली प्रत मात्र त्यानं नीट घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

पुढचे आठ दिवस असेच गेले. जो तो बोलताना भरभरून बोले आणि कागद पुढं आला की आखडता घेई. गेटवरच्या त्या प्रसिद्ध सभेविषयी प्रभानं अकरा कामगारांना विचारलं. चहा पिताना अकराही जण सभेत सगळ्यात पुढं होते. सही करताना त्यातले दोघे रजेवर गेले आणि उरलेल्या नऊ जणांनी, एकमेकांना न विचारता, एकच वाक्य लिहून दिलं : ‘त्या वेळी मी संडासला गेलो होतो.’ प्रभानं सगळे कागद पसरून पुन्हा पुन्हा वाचले. पुराव्यानिशी पाहिलं तर हिंदुराव गाडेकरांनी कामगारांच्या हक्कांसाठी केलेलं ते घणाघाती भाषण ऐकायला जगात एकही माणूस हजर नव्हता.

माणसं नाहीत तर छापील कागद बघू, म्हणून ती चिंचवडच्या वाचनालयात गेली. तिथं ग्रंथपालांनी आधी अर्ज मागितला, मग अर्जावर कॉलेजचा शिक्का मागितला, आणि शिक्का आल्यावर सांगितलं की जुन्या वर्तमानपत्रांची फाइल फक्त मंगळवारी बघायला मिळते आणि लहान मूल आत आणता येत नाही. मंगळवारी प्रभानं सुजाताला आत्यांकडे वाचनालयाच्या पायरीवर बसवलं आणि आत जाऊन अडुसष्ट सालचा गठ्ठा सोडला. सगळे अंक होते. ज्या अंकात हिंदुरावांची बातमी असावी, तोही होता. बातमीच्या जागी मात्र कात्रीनं कापलेली एक सुबक चौकोनी खिडकी होती, आणि त्या खिडकीतून पलीकडच्या पानावरची टॉनिकची जाहिरात दिसत होती. ग्रंथपालांनी तिच्याकडेच संशयानं पाहिलं. प्रभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही मिटून ती बाहेर आली तेव्हा सुजाता पायरीवर येणाऱ्या-जाणाऱ्या वाचकांकडे बघून टाळ्या वाजवत होती. तेवढंच त्या दिवसाचं भलं.

मग तिनं ठरवलं, निदान जन्मतारीख तरी पक्की करू. हिंदुराव चाकणजवळच्या एका खेड्यातले. प्रभा सकाळच्या एसटीनं गेली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आदरानं जुनं रजिस्टर काढून दिलं. त्यात हिंदुरावांचा जन्म एक जूनला झालेला होता. त्यांच्या वरच्या ओळीतल्या मुलाचाही एक जूनलाच आणि खालच्या ओळींतल्या चौदा जणांचाही. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, “नाव घालायच्या दिवशी आया आठवतील ते सांगायच्या, म्हणून आधीच्या गुरुजींनी सरसकट नियम केला होता.” काही असो, शिक्क्यासह उतारा मिळाला. इतक्या दिवसांतला हा पहिला निर्विवाद संदर्भ. परत येताना आत्यांनी सांगितलेले कांदे तिनं बाजारातून घेतले, आणि मांडीवर पोर, पायांत कांद्याची पिशवी आणि छातीशी एक जूनचा दाखला धरून ती विजयी मुद्रेनं घरी आली.

त्याच संध्याकाळी विलास कामावरून आला तो हातपाय न धुताच बसला. डबा त्यानं तसाच पुढं ठेवला. प्रभानं उघडला तर भाकरी जशीच्या तशी.

“बरं नाही का वाटत?”

“बरं आहे.” मग म्हणाला, “चार दिवस झाले, कँटीनमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही. मी बसलो की उठतात.”

प्रभाला कळेना. विलासनं मग एकेक सांगितलं. कारखान्यात नाव, टोकन नंबर, तारीख, सही आणि तीन प्रती असा कागद एकाच वेळी करतात, तो म्हणजे एखाद्या कामगाराला काढायचं असेल तेव्हा. आधी चौकशी, मग जबाब, मग घरी बस. त्याच्या सोबत्यांना आयुष्यात दुसऱ्या कशासाठी कोणी असा कागद दाखवलेला नव्हता. रंगरावानं आपली प्रत त्याच रात्री हिंदुरावांकडे पोचवली होती, आणि त्यामागून बाकीच्यांनी. गेले आठ दिवस सगळ्या वर्कशॉपला ठाऊक होतं की मॅनेजमेंटनं हिंदुरावांची चौकशी लावली आहे आणि जबाब घेण्याचं काम शिरसाटाच्या बायकोला दिलं आहे. पोर कडेवर असते, म्हणजे कुणाला संशय येत नाही.

“आणि आज तू गावी जाऊन जन्मतारीख काढून आणलीस,” विलास म्हणाला. “हिंदुरावांनी कंपनीत वय तीन वर्षं कमी लावलंय. निम्म्या कारखान्यानं लावलंय.”

“मी निबंध लिहितेय,” प्रभा म्हणाली.

“मी सांगितलं सगळ्यांना. हसले. म्हणाले, निबंधाला टोकन नंबर कशाला लागतो?” तो भिंतीकडे बघत राहिला. “आणि साहेबानं केबिनमध्ये बोलावलं मला. कपबशीतून चहा दिला, प्रभा. म्हणाला, त्या कागदांची एखादी प्रत आमच्याकडेही असू द्या.”

सात वर्षांच्या नोकरीत विलासला साहेबानं कधी चहा दिला नव्हता. त्या चहानं तो जेवढा घाबरला होता, तेवढा मेमोनं घाबरला नसता. प्रभानं त्याच्यापुढं बसून भाकरी मोडली. निबंध सोडून देते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते शब्द बाहेर पडायच्या आत विलासच म्हणाला, “शनिवारला तीनच दिवस राहिलेत. तू लिही. मी बसतो एकटा.” आणि भाकरीचा तुकडा त्यानं आधी सुजाताच्या तोंडाशी नेला.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी हिंदुराव गाडेकर स्वतः आले. पांढरं स्वच्छ धोतर, हातात कातडी पिशवी, सोबत युनियनचे जुने चिटणीस दौलतराव. विलास पहिल्या शिफ्टहून नुकताच आला होता. त्यानं दोघांना खाट दिली आणि स्वतः उभा राहिला. प्रभानं पदर सारखा केला. सुजाता मात्र रांगत जाऊन हिंदुरावांच्या पिशवीच्या बंदाशी खेळू लागली.

दौलतरावांनी घसा साफ केला. आम्ही कायद्याची माणसं आहोत, ते म्हणाले, चौकशीला आमचा विरोध नाही, फक्त आरोपपत्र न देता जबाब घेतले याची नोंद व्हावी. तरीही आमच्या माणसानं सर्व संभाव्य आरोपांचा लेखी खुलासा तयार केला आहे, चौदा कलमं, सोबत पुरावे. तो इथं सादर करतो. पोच द्या.

प्रभानं काही सांगायला तोंड उघडलं. पण दौलतरावांना आपण वाचायला लागलो की मधे कोणी बोलायचं नसतं अशी पंचवीस वर्षांची सवय होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

कलम एक. कंपनीच्या गेटवर उपोषण करून उत्पादनात अडथळा आणल्याचा आरोप साफ अमान्य. सदर नऊ दिवस मी रोज दुपारी व रात्री रंगरावांच्या खानावळीत जेवलो आहे. सोबत रंगरावांचा सहीनिशी दाखला. कलम दोन. प्रक्षोभक भाषण केल्याचा आरोप अमान्य. माझा घसा बसला होता, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, शिवाय भाषण पाच मिनिटांचं होतं व त्यात मी सर्वांना कामावर जायला सांगितलं असं वर्तमानपत्रातही आलं आहे. सोबत कात्रण. प्रभानं पाहिलं, ते कात्रण वाचनालयातल्या त्या खिडकीच्या मापाचं होतं, आणि त्यावर तारीख आणि पान नंबर स्पष्ट होता. कलम पाच, जन्मतारीख : ही माझ्या आईनं सांगितली असून आई आता हयात नाही.

एकेका कलमासरशी एकेका दंतकथेचा निकाल लागत होता आणि प्रभाला एकेक पक्का संदर्भ मिळत होता. हसू यावं की रडू, हे तिला समजेना. तिनं हळूच वही ओढली आणि टोपण काढलं.

“कलम अकरा,” दौलतराव वाचत होते. “दिनांक नऊ एप्रिल एकाहत्तर रोजी वस्तीत पाणीखात्याची जीप अडवून अधिकाऱ्याला चार तास कोंडून ठेवलं व दमदाटीनं नळाचा आदेश लिहून घेतला, या प्रकाराशी माझा काडीचाही संबंध नाही. ते कृत्य वस्तीतल्या बायकांनी केलं. जीपपुढं आडवी पडणारी बाई भिमाबाई शिरसाट असून, चौकशी करायची तर तिची करावी.”

वाचता वाचता दौलतराव थांबले. शिरसाट हे आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

हिंदुराव आढ्याकडे बघू लागले. विलास आईकडे बघत राहिला. एकाहत्तर साली, लग्नाच्या आधी, तो ट्रेनिंगला म्हणून सहा महिने परगावी होता, परत आला तेव्हा नळ आलेला होता आणि तो हिंदुरावांनी आणला असं भाषण झालेलं होतं. दारात बसलेल्या भिमाबाई तांदळातला खडा काढून बाहेर टाकत होत्या.

“आत्या,” प्रभा म्हणाली, “तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“इचारलं कुनी?” भिमाबाई म्हणाल्या. “तू त्येंच्यावर लिवत व्हतीस.”

मग प्रभानं सगळा धीर गोळा करून हिंदुरावांना सांगितलं, की चौकशी नाही, मॅनेजमेंट नाही, कॉलेजचा निबंध आहे. तिनं वही दाखवली, एकोणीस ‘कशावरून’ दाखवले, सरांची अट दाखवली. हिंदुरावांनी निबंध हातात घेतला. पहिलं वाक्य वाचलं, ज्यात ते थोर होते. दुसरं वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला आणि एकदम पडला. त्यांनी दौलतरावांच्या हातातल्या खुलाशावर झडप घातली.

“हा रद्द,” ते म्हणाले. “वहिनी, हे तुम्ही आधी सांगायचं. निबंध असेल तर नऊच दिवस लिहा. आणि नळ माझा.”

“सही झालीय, दादा,” प्रभा म्हणाली. “प्रत्येक पानावर आहे.”

“मी भीतीपोटी केली.”

“वर लिहिलंय, कोणाच्याही दबावाशिवाय.”

हिंदुराव थोर पुढारी होते, यात शंका नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. नमतं घेऊन म्हणाले, निवडणूक जवळ आली आहे, तुमचा निबंध सर एकटे वाचतील, पण वस्तीत बातमी गेली तर माझं काय? विलास अजून त्याच कारखान्यात आहे, हेही ते बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांनाच ते बरं वाटलं नाही. उद्या बारा वाजता फॉर्मची खिडकी बंद होणार होती. कागद परत केला तर संदर्भ नाहीत, ठेवला तर नवऱ्याचा बाक कायमचा रिकामा.

तेव्हा भिमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“हिंदुराव, तुमी भाषान ब्येस करता. पोरांच्या पगाराला भांडता, त्येबी म्या बघितलंय. ती त्येबी लिवल, लिवती का न्हाई बघा. जेवलात त्ये न्हाई लिवायची, वय न्हाई लिवायची. भुकेल्यानं जेवू नये का? पर जीपापुढं तुमी व्हता का?”

हिंदुरावांनी धोतराचा सोगा सारखा केला.

“नव्हतो,” ते म्हणाले. आणि मग, अगदी मनापासून, “त्या दिवशी मी खरंच संडासला गेलो होतो, मावशी.”

विलासला हसू आवरेना म्हणून तो पाणी आणायला आत गेला. दौलतरावांनी अकराव्या कलमाचं पान वेगळं काढलं, कात्रण आणि सभेचं पान काढून प्रभापुढं ठेवलं, आणि बाकीचा खुलासा घडी घालून पिशवीत टाकला. साक्षीदाराच्या जागेवर त्यांनी स्वतः सही केली. जाताना हिंदुरावांनी सुजाताच्या गालाला हात लावला आणि विलासला म्हणाले, उद्या कँटीनमध्ये मी तुझ्याकडे बसतो. हा शब्द त्यांनी पाळला, आणि दुसऱ्या दिवशी विलासच्या बाकावर डबा ठेवायला जागा उरली नाही. साहेबाला विलासनं, त्यांनी मागितल्या होत्या म्हणून, संडासला गेलेल्यांच्या नऊ जबाबांच्या प्रती नेऊन दिल्या. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरनं त्या नऊ जणांची पोटं तपासली.

पाहुणे गेल्यावर प्रभा वही घेऊन भिमाबाईंपुढं बसली. ज्योतीरामांचा नमुना तिनं बाजूला ठेवला, कारण टोकन नंबर आत्यांना नव्हता. आत्या तांदूळ निवडत सांगत गेल्या. विहीर आटली होती, टँकर दोन दिवसांआड येई, पाणीखात्याचा साहेब जीपमधूनच वस्ती बघून निघाला होता. “म्या म्हनलं, तुमी बघितली न्हाई, खाली उतरा. त्यो उतरंना. मंग म्या आडवी झाले. उन्हाचं डांबर चटकत व्हतं म्हनून सरूबाईनं माज्याखाली तिचं लुगडं टाकलं. चार वाजस्तवर पडून व्हते. त्येवढंच.”

प्रभानं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि भीतभीत विचारलं, यातलं काही कमी करायचं का?

“का?” भिमाबाई म्हणाल्या. “आसंच झालं.” आणि शाईच्या पॅडवर अंगठा टेकून त्यांनी तो कागदावर उमटवला. गेल्या पंधरा दिवसांत सही करताना एका अक्षरानंही न आक्रसलेली ती पहिलीच हकिगत होती. प्रभाला आणखी काही विचारायचं होतं. पण ती आत्यांच्या बोटाची शाई ओल्या फडक्यानं पुसत बसली. त्या दुपारी सुजाता झोळीत गाढ झोपली. टोपण काढलं तरी डोळा उघडला नाही. प्रभानं निबंधाचं नाव खोडून वर नवीन लिहिलं : ‘श्रीमती भिमाबाई शिरसाट’.

शनिवारी साडेअकराला टेंबे सरांनी निबंध वाचायला घेतला. तांबडं पेन उघडं होतं. तळटिपा त्यांनी आधी वाचल्या, मग निबंध, मग पुन्हा तळटिपा.

“ही बाई तुमची कोण?”

“सासू, सर.”

सरांनी चष्मा काढला. “बाई, सुनेनं सासूविषयी इतकं चांगलं लिहिलं आहे, हा पुरावा संशयास्पद धरायला हवा.” प्रभानं फॉर्म घट्ट धरला. “पण जीप अडवल्याची कबुली तुम्ही प्रतिपक्षाच्या सहीनं आणली आहे. ज्याचा फायदा बुडतो त्यानं ती दिली आहे. असा संदर्भ माझ्या बावीस वर्षांत कोणी आणला नाही.” शेजारणींच्या रात्रीत घेतलेल्या सह्या धरून संदर्भ मोजले तर अकरा भरले. सरांनी अंगठ्याच्या ठशाकडे पुन्हा एकदा पाहिलं, तो दोन संदर्भांइतका धरतो असं पुटपुटले, आणि फॉर्मवर सही केली. बाराला पाच कमी असताना तो फॉर्म खिडकीतून आत गेला. प्रभानं आत गेलेला हात थोडा वेळ तसाच खिडकीत ठेवला, तेव्हा कारकून म्हणाला, बाई, हात काढा, बंद करायचंय.

संध्याकाळी नळाला पाणी यायच्या आधी वस्तीतल्या बायका हंडे मांडून बसल्या होत्या. भिमाबाई म्हणाल्या, सरानं काय पास केलं त्ये आमाला बी ऐकू दे. प्रभानं नळाशेजारच्या दगडावर बसून वाचायला सुरुवात केली. सुजाता आत्यांच्या मांडीवर होती. दुसऱ्या पानावर सरूबाईनं, लुगडं हिरवं होतं हे का लिहिलं नाही म्हणून विचारलं. मंजुळाबाईला तिनं जीपच्या चाकातली हवा सोडल्याचा उल्लेख हवा होता, आणि ती सही द्यायला आत्ता तयार होती. कुसुमताई मागं उभ्या राहून, कागद नीट आहे ना, एवढंच बघत होत्या. प्रभा तिसऱ्या पानावर आली, जिथं उन्हात तापलेल्या रस्त्यावर भिमाबाई एकट्या आडव्या पडतात. ते पान तिनं तीनदा लिहिलं होतं. सगळ्या जणी पुढं सरकल्या.

तेवढ्यात नळ खाकरला.

क्षणात दगडाभोवती कोणी उरलं नाही. हंड्यांचा खणखणाट सुरू झाला, सरूबाई आणि मंजुळाबाईंची पहिल्या नंबरावरून जुंपली, आणि निबंधाच्या नायिकेनं नातीला सुनेच्या मांडीवर टाकून, पदर खोचत, दोघींच्या मधून आपला हंडा पुढं घातला.

“परभा,” गर्दीतून त्यांचा आवाज आला, “वाचनं ऱ्हाऊ दे. कळशी आन आधी, धार बारीक हाय.”

प्रभानं तीन पानांची घडी करून ती पोलक्यात खोचली, सुजाताला काखेत मारलं आणि कळशी आणायला घराकडे पळाली.